घर बांधण्याआधी उजेडाचा हिशेब

इंटिरिअर डिझायनरने पाठवलेला ‘थ्रीडी’ मोबाइलवर उघडला की घरातले सगळे त्याभोवती गोळा होतात. सोफ्यावर तिरपं, कोवळं ऊन पडलेलं असतं, फरशी चमकत असते, फॉल्स सीलिंगच्या कडेने सोनेरी उजेड झिरपत असतो. चित्र पसंत पडतं, काम सुरू होतं. गृहप्रवेश झाल्यावर थोड्याच दिवसांत खरं घर आपला स्वभाव दाखवू लागतं. भर दुपारी हॉलमधली ट्यूब लावावी लागते. भाजी चिरताना स्वतःचीच सावली ओट्यावर पडते. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन थेट पलंगावर येतं आणि तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत निवत नाही.

यातलं काहीच अटळ नव्हतं. ज्या संगणकावर ते चित्र तयार झालं, त्याच संगणकाला हे सगळं आधी सांगता आलं असतं. कोणत्या महिन्यात, किती वाजता, कोणत्या खिडकीतून ऊन येईल, ओट्यावर किती लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) प्रकाश पडेल, भिंतीचा रंग बदलला तर खोली किती उजळेल, या प्रश्नांची उत्तरं आज घरच्या लॅपटॉपवर मिळतात. त्यासाठी लागणारी काही सॉफ्टवेअर्स मोफत आहेत. पण आपण त्यांच्याकडून फक्त चित्र मागतो, उत्तर मागत नाही. खिडकीची जागा एकदा ठरली, स्लॅबमधून पाइप गेले, भिंतींना झिरी मारून वायरमनने पॉइंट काढले आणि वर प्लास्टर झालं, की चूक दुरुस्त करणं महागात पडतं. म्हणून उजेडाचा हिशेब भिंत उभी राहण्याआधी मांडायला हवा आणि तो घरात राहणाऱ्या माणसाला समजायला हवा.

सूर्य कुठे असेल, हे पक्कं माहीत असतं

घरात येणाऱ्या प्रकाशाचे तीन भाग पडतात: थेट सूर्याचा, आकाशाचा आणि इकडून तिकडून परावर्तित होऊन आलेला. यातला सूर्याचा भाग गणिताला सगळ्यात सोपा. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ दिली की सूर्याची दिशा आणि क्षितिजापासूनची उंची यांची अचूक गणना होते. ‘स्केचअप’ या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलला ठिकाण जोडलं की महिना आणि वेळ यांच्या पट्ट्या सरकवताना सावल्या डोळ्यांदेखत फिरतात. ‘स्वीट होम थ्रीडी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आराखड्यावरच एक होकायंत्र असतं. त्यात उत्तर दिशा आणि ठिकाण भरलं की फोटो काढताना तारीख आणि वेळ निवडता येते.

पुण्याचं उदाहरण घेऊ. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या आसपास भर मध्यान्ही तिथला सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी तो सुमारे ७१.५ अंशांवर चढतो. २१ जूनला मात्र तो डोक्यावरून पुढे सरकून उत्तरेकडे कललेला असतो. ‘सूर्य दुपारी दक्षिणेला असतो’ हे परदेशी पुस्तकांतलं वाक्य आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत लागू पडत नाही. या काळाच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी मध्यान्हीला सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते.

आता एक छज्जा बारकाईने पाहू. दक्षिणेची खिडकी, उंची १.२ मीटर. तिच्या वरच्या कडेलगत ६० सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा. डिसेंबरच्या मध्यान्हीला या छज्ज्याची सावली खिडकीवर सुमारे ६७ सेंटिमीटर उतरते, म्हणजे खालच्या हातभराहून थोड्या अधिक भागातून ऊन आत येतं. मार्चच्या विषुवदिनी तीच सावली पावणेदोन मीटरपेक्षा खाली पोचते, म्हणजे खिडकी पूर्ण सावलीत. जूनच्या मध्यान्हीला दक्षिणेच्या भिंतीवर ऊनच नसतं. थंडीत ऊन आत, उन्हाळ्यात बाहेर, आणि हे सगळं साध्या ६० सेंटिमीटरच्या छज्ज्याने साधतं.

हाच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर बसवून पाहा. मेच्या मध्यावर संध्याकाळी ५ वाजता पुण्यात सूर्य फक्त २७ अंशांवर असतो आणि पश्चिमेपासून किंचित उत्तरेला झुकलेला असतो. छज्ज्याची सावली खिडकीवर जेमतेम ३१ सेंटिमीटर उतरते. उरलेल्या सुमारे ९० सेंटिमीटरमधून ऊन सरळ आत. छज्जा दीड मीटर केला तरी खिडकीचा तिसरा हिस्सा उघडाच राहतो. इथे उभ्या पट्ट्या, बाहेरून लावलेली बांबूची चिक किंवा झाड यांचाच उपयोग. चारही बाजूंना एकाच मापाचे छज्जे काढणारा आराखडा सूर्याला विचारून काढलेला नसतो, हे यावरून कळावं.

घड्याळाचीही एक गंमत लक्षात ठेवावी लागते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. मुंबई तिच्या पश्चिमेला सुमारे साडेनऊ अंश आहे आणि एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने मुंबईचा मध्यान्ह सरासरी ३८ मिनिटं उशिरा होतो. नागपूरला हा फरक १४ मिनिटांच्या आसपास. त्यात ऋतूनुसार आणखी पाव तासापर्यंत मागेपुढे होतं. सॉफ्टवेअरमध्ये शहर चुकीचं राहिलं किंवा कालविभाग भलताच निवडला गेला, तर पाच वाजताचं ऊन सहाला दिसू शकतं. तपासणी सोपी आहे. मॉडेलमध्ये एक सरळ खांब उभा करा, गच्चीवर एक सरळ काठी उभी करा आणि एकाच वेळी दोघांच्या सावल्यांची दिशा आणि लांबी ताडून पाहा.

उत्तर दिशेबद्दलही तेवढीच काळजी हवी. मोबाइलचं होकायंत्र आरसीसीच्या खांबाजवळ, लोखंडी ग्रिलजवळ बहकतं. उपग्रह नकाशावर इमारतीची कड पाहून उत्तर ठरवणं जास्त भरवशाचं. आराखड्याची वरची बाजू म्हणजे उत्तर असं गृहीत धरून काढलेली चित्रं सर्रास पाहायला मिळतात. अशा चित्रातलं ऊन कितीही सुंदर असो, ते त्या घरातलं नसतं.

आकाशही एक दिवाच आहे

उत्तरेच्या खोलीत थेट ऊन फारसं येत नाही, तरी ती अंधारी नसते. तिला आकाश उजळतं. भर उन्हात मोकळ्या मैदानावर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो, ढगाळ दिवशी साधारण १० हजार. पौर्णिमेच्या चांदण्यात तो पाव लक्सच्या आसपास उतरतो. आपले डोळे या सगळ्यांत काम चालवतात, म्हणून हे आकडे किती दूरदूरचे आहेत ते आपल्याला जाणवत नाही.

संगणकाला आकाश शिकवायचं म्हणजे त्याच्या प्रत्येक भागाची चकाकी सांगायची. पूर्ण ढगाळ आकाशाच्या प्रमाणित नमुन्यात माथ्यावरचं आकाश क्षितिजाजवळच्या आकाशापेक्षा तिप्पट उजळ असतं. हा नमुना युरोपच्या हवामानाला शोभतो. निरभ्र आकाशाची रचना वेगळी. सूर्याभोवतीचा भाग झगझगीत असतो आणि सूर्यापासून दूर पाहिलं तर माथ्यापेक्षा क्षितिजाकडचं आकाश जास्त उजळ असतं. आपल्याकडे वर्षाचे बरेच महिने निरभ्र आकाशाचे. त्यामुळे भारतीय मानकांनी हिशेबासाठी निरभ्र आकाश धरलं. सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर, थेट ऊन वगळून मोकळ्या जागी ८ हजार लक्स. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी जो कमी उजेड असतो, त्यावर हा हिशेब बेतलेला आहे. तेवढ्यात भागलं तर दुपारी भागेलच.

या ८ हजारांपैकी किती टक्के प्रकाश खोलीतल्या एखाद्या जागी पोचतो, त्याला दिवसप्रकाश गुणांक म्हणतात. एक टक्का म्हणजे ८० लक्स. स्वयंपाकघरासाठी २.५ टक्के, म्हणजे २०० लक्स. अभ्यासाच्या खोलीसाठी १.९ टक्के, म्हणजे दीडशेच्या आसपास. बैठकीच्या खोलीसाठी ०.६२५ टक्के, म्हणजे ५० लक्स, अशा किमान अपेक्षा भारतीय मार्गदर्शिकेत दिलेल्या आहेत. सॉफ्टवेअर जमिनीपासून ठरावीक उंचीवर चौकटींचं जाळं धरतं आणि प्रत्येक चौकटीतला आकडा काढून रंगीत नकाशा देतं. खिडकीजवळ लाल-पिवळा, आत गेलं की हिरवा, मागच्या भिंतीशी गडद निळा. हा नकाशा दिसायला थ्रीडीइतका देखणा नसतो, पण घराबद्दल तो जास्त खरं बोलतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे वर्षभराचा हिशेब. त्यासाठी शहराच्या हवामानाची फाइल वापरतात. तीत वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाचं ऊन आणि ढग नोंदलेले असतात. मग एका चित्राऐवजी उत्तर असं मिळतं: दिवसाच्या कामाच्या तासांपैकी निम्म्याहून अधिक तास ३०० लक्स मिळेल असा खोलीचा किती भाग आहे? आणि चटका लागेल इतकं थेट ऊन वर्षातून फार तास कुठे पडतं? मोठ्या कार्यालयांच्या इमारतींसाठी हे प्रश्न हल्ली विचारले जातात. आपण आयुष्याची कमाई ज्यात घालतो त्या घरासाठीही ते विचारायला हवेत.

शेजारची इमारत मॉडेलमध्ये आहे का?

थ्रीडीमधल्या खिडकीबाहेर बहुधा निळं आकाश आणि एखादं झाड असतं. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटच्या खिडकीबाहेर शेजारची इमारत असते. ती मॉडेलमध्ये नसेल तर नैसर्गिक प्रकाशाचं सगळं गणित व्यर्थ.

समजा, दोन इमारतींत ६ मीटर अंतर आहे आणि पहिल्या मजल्यावरच्या खिडकीपासून समोरची इमारत २१ मीटर उंच जाते. खिडकीत उभं राहून वर पाहिलं तर ७४ अंशांपर्यंत भिंतच. खिडकी दक्षिणेची असेल तर डिसेंबरचा ४८ अंशांवरचा मध्यान्हीचा सूर्य त्या भिंतीमागे पूर्ण झाकलेला. आकाशाचं काय? समोरची इमारत लांबलचक आहे आणि आकाश सगळीकडे सारखं उजळ आहे असं धरलं, तर मोकळ्या खिडकीच्या तुलनेत इथे आकाशातून थेट येणारा उजेड फक्त ४ टक्के उरतो. त्याच इमारतीत सहा मजले वर गेलं की समोरची भिंत फक्त ३ मीटर उंच राहते, अडथळ्याचा कोन साडेसव्वीस अंशांवर येतो आणि तोच उजेड ५५ टक्के होतो. खोल्या सारख्या, खिडक्या सारख्या, काच सारखी. उजेडात चौदापट फरक.

खिडकी किती मोठी असावी याला राष्ट्रीय इमारत संहितेत नियम आहे. कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-दशांश, दमट उष्ण हवामानात एक-षष्ठांश उघडी जागा. हा नियम गरजेचा आहे, पण समोर काय उभं आहे ते त्याला ठाऊक नसतं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्याला उजेडाचा मोठा वाटा शेजारच्या इमारतीच्या भिंतीवरून परावर्तित होऊन मिळतो. ती भिंत पांढरी असली तर दिवस निभतो, शेवाळून काळी पडली असेल तर दुपारीही दिवा लावावा लागतो. सोसायट्यांनी बाहेरच्या रंगाचा विचार करताना हा शेजारधर्म लक्षात घ्यायला हवा.

त्याशिवाय खिडकीतच आपण बरंच काही लावतो. ग्रिल, मच्छरजाळी, पडदा, ग्रिलवर वाळत घातलेले कपडे. स्वच्छ साधी काच बहुतेक सगळा प्रकाश आत सोडते. गडद किंवा आरशासारखी काच निम्म्याहून जास्त अडवू शकते. मॉडेलमध्ये खिडकी म्हणजे बहुतेकदा नुसतं भोक असतं. काचेची पारदर्शकता आणि जाळी त्यात धरली आहे का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात.

भिंतीवरून भिंतीवर

खोलीत आलेला प्रकाश एका जागी थांबत नाही. तो जमिनीवर पडतो, तिथून छताकडे उडतो, छतावरून भिंतीवर येतो. प्रत्येक वेळी थोडा शोषला जातो, उरलेला पुढे जातो. खिडकीकडे पाठ केलेला कोपरा आपल्याला दिसतो तो याच उड्यांमुळे. संगणकाला सगळ्यात जड गेला तो हाच भाग.

सुरुवातीच्या सॉफ्टवेअर्सनी सोपी वाट धरली. जिथे थेट प्रकाश पोचत नाही तिथे सगळीकडे सारखा थोडा उजेड गृहीत धरायचा. त्यामुळे चित्रं सपाट दिसत. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गोराल, टॉरन्स, ग्रीनबर्ग आणि बॅटाइल यांनी उष्णता अभियांत्रिकीतली रीत प्रकाशाला लावली. भिंतींचे छोटे तुकडे पाडायचे, कोणता तुकडा कोणत्या तुकड्याला किती प्रकाश देतो याची समीकरणं मांडायची आणि ती एकत्र सोडवायची. लाल भिंतीजवळच्या पांढऱ्या पृष्ठभागावर हलकी लाली उतरते, हे तेव्हा संगणकाच्या चित्रात दिसलं. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी प्रकाशाच्या सगळ्या उड्या एकाच समीकरणात बसवल्या. ते समीकरण कागदावर सुटत नाही, म्हणून संगणक नमुने घेतो. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यापासून असंख्य किरण उलट्या दिशेने सोडायचे, ते आपटत-आपटत दिव्यापर्यंत किंवा आकाशापर्यंत पोचतात का ते पाहायचं आणि सरासरी काढायची. किरण कमी सोडले तर चित्रात दाणे दिसतात. जास्त सोडले तर चित्र स्वच्छ होतं, पण वेळ लागतो.

याच काळात कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी ‘रेडिअन्स’ हे सॉफ्टवेअर घडवलं. त्याचा उद्देश देखण्या चित्रापुरता नव्हता. प्रत्यक्ष खोलीत लक्समीटर ठेवून जे मोजता येईल, ते आधी सांगायचं, हा त्याचा बाणा. आज वास्तुविशारद वापरत असलेल्या दिवसप्रकाशाच्या अनेक साधनांच्या पोटात हेच इंजिन चालतं आणि ते सर्वांना मोफत उपलब्ध आहे.

या उड्यांचा हिशेब घरमालकाच्या फार कामाचा आहे. खोलीतले सगळे पृष्ठभाग सरासरी ५० टक्के प्रकाश परत फेकतात असं धरा. मग दिव्याचा प्रकाश पहिल्यांदा पूर्ण, नंतर निम्मा, नंतर पाव असा पडत राहतो आणि सगळी बेरीज मूळच्या दुप्पट होते. परावर्तन ७० टक्के असेल तर बेरीज तिपटीच्या पुढे जाते. ८० टक्क्यांना ती पाचपट. उलट, गडद लाकूड, करडी भिंत आणि काळपट फरशी यांमुळे सरासरी २० टक्क्यांवर आली तर बेरीज फक्त सव्वापट. प्रत्यक्ष खोलीत खिडक्या, दारं, सामान यांमुळे आकडे थोडे खाली येतात, पण कल तोच राहतो. फिकट भिंत आणि पांढरं छत म्हणजे वीज न खाणारे दिवे. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ‘ग्रे लॅमिनेट’ निवडताना त्याच्या चित्राबरोबर त्याचं परावर्तन किती भरलं आहे हेही पाहायला हवं. बऱ्याच तयार नमुन्यांत पांढरा रंग शंभर टक्क्यांच्या जवळ ठेवलेला असतो. खरी पांढरी भिंत ७० ते ८५ टक्क्यांत असते. हा फरक प्रत्येक उडीला वाढत जातो आणि चित्रातली खोली खऱ्यापेक्षा उजळ होते.

ओट्यावरची सावली

आता दिवे. इथे तीन मापं वेगळी ठेवावी लागतात. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. लुमेन म्हणजे एकूण प्रकाश किती देतो. लक्स म्हणजे आपल्याला हव्या त्या जागी, चौरस मीटरभर पृष्ठभागावर किती लुमेन पडतात. ९ वॅटचा एलईडी बल्ब सुमारे ९०० लुमेन देतो. तो सगळीकडे सारखा पसरतो असं धरलं तर दोन मीटर खाली त्याचा थेट प्रकाश फक्त १८ लक्स पडतो. एक मीटरवर ७२. अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट.

महाराष्ट्रातल्या असंख्य स्वयंपाकघरांतली मांडणी अशी असते: भिंतीला लागून काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, आणि ट्यूब मागच्या भिंतीवर. आकडे घालून पाहू. २० वॅटची, २ हजार लुमेनची एलईडी ट्यूब जमिनीपासून २.३ मीटरवर. ओटा ८५ सेंटिमीटरवर आणि ट्यूबपासून आडव्या अंतराने २ मीटर पुढे. ट्यूबचा थेट प्रकाश ओट्यावर पोचतो तो सुमारे ५० लक्स. तोही ओट्यासमोर उभं राहणाऱ्या माणसाच्या पाठीने अडतो. उरतो तो भिंतींवरून फिरून आलेला उजेड, आणि काळा ग्रॅनाइट त्यातलं जवळजवळ काहीच परत देत नाही. जिथे सुरी चालते, मिरची निवडली जाते, तांदळातला खडा शोधायचा असतो, तिथे २०० लक्सची अपेक्षा आहे.

आता वरच्या कपाटाच्या तळाला, ओट्यापासून ५५ सेंटिमीटर वर, दोन मीटर लांबीची एलईडी पट्टी लावून पाहा. मीटरला ४५० लुमेन, म्हणजे मीटरमागे जेमतेम पाच वॅट. ओट्यावर साडेतीनशे लक्सच्या पुढे प्रकाश मिळतो आणि माणूस दिव्याच्या आड येत नाही. वर दुधी झाकण लावलं तरी २०० लक्स राखता येतात. विजेचा खर्च ट्यूबच्या निम्मा. फक्त त्यासाठी कपाटाखाली पॉइंट हवा, आणि तो टाइल्स बसण्याआधी काढावा लागतो. घरात जी व्यक्ती ओट्याशी रोज तासन्‌तास उभी राहते, तिला आराखड्याच्या बैठकीत हा आकडा कुणी दाखवत नाही. तो दाखवला गेला पाहिजे.

सॉफ्टवेअरमध्ये दिवा नेमका कसा घालतात? साध्या सॉफ्टवेअरमध्ये दिवा म्हणजे एक चमकणारा बिंदू, त्याची तीव्रता सरकपट्टीने कमी-जास्त करायची. हे चित्रासाठी ठीक. खऱ्या हिशेबासाठी दिव्याची प्रकाशमापन फाइल लागते. प्रयोगशाळेत दिव्याभोवती मापक फिरवून कोणत्या कोनात किती तीव्रता आहे ते नोंदतात आणि ‘आयईएस’ किंवा ‘युलुमडॅट’ नावाच्या साच्यातल्या फाइलमध्ये देतात. चांगले दिवे बनवणाऱ्या कंपन्या या फाइली मोफत पुरवतात. ‘डायलक्स’ या जर्मनीत तयार झालेल्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये खोली काढून ही फाइल जोडली की लक्सचा नकाशा समोर येतो. फॉल्स सीलिंगमधले अरुंद झोताचे स्पॉट जमिनीवर उजळ वर्तुळं पाडतात आणि बसलेल्या माणसाचा चेहरा मात्र छायेत ठेवतात, हे अशा नकाशात आणि चित्रात लगेच दिसतं. कपाटापासून किती अंतरावर स्पॉट घेतला की आतले कपडे दिसतील, हेही तिथेच ठरवता येतं.

रंगाच्या बाबतीत मात्र सॉफ्टवेअरची मर्यादा ओळखून असावं. २,७०० केल्विनचा दिवा पिवळसर, ४,००० चा समतोल, ६,५०० चा निळसर पांढरा, हा फरक बहुतेक सॉफ्टवेअर नीट दाखवतात. पण दिव्याच्या प्रकाशात वस्तूचा खरा रंग किती उमटतो, म्हणजे पैठणीचा लाल लाल दिसेल की मळकट, हे त्यांना सहसा सांगता येत नाही. कारण ते सगळा प्रकाश लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांतच मोजतात. दोन दिवे या तीन आकड्यांत सारखे असूनही एकात लाल रंगाच्या लहरी तुटपुंज्या असू शकतात. दिव्याची लुकलुकही चित्रात दिसत नाही. या दोन गोष्टींसाठी दिवा विकत घेऊन, कापडाचा आणि लाकडाचा तुकडा त्याखाली धरून बघणं याला पर्याय नाही.

चित्र आपल्याला कुठे गुंगवतं

चित्र काढताना सॉफ्टवेअर कॅमेऱ्यासारखं वागतं. खोली अंधारी असेल तर ते आपोआप प्रकाशग्रहण (एक्सपोजर) वाढवतं. त्यामुळे ३० लक्सची खोली आणि ३०० लक्सची खोली पडद्यावर सारखीच उजळ दिसू शकते. भर उन्हातल्या पांढऱ्या कागदाची चकाकी दर चौरस मीटरला सुमारे २५ हजार कँडेला असते, तर साधा मॉनिटर तीनशेच्या आसपास थांबतो. एवढा मोठा पल्ला एवढ्याशा पडद्यावर बसवायचा म्हणजे उजळ भाग दाबावे लागतात, गडद भाग उचलावे लागतात. हे करण्यावाचून गत्यंतर नाही, पण यामुळे चित्रावरून खोलीचा उजेड जोखता येत नाही. डोळ्यांना त्रास देणारी तिरीपही चित्रात निरुपद्रवी दिसते, कारण पडदा तेवढा झगझगू शकत नाही.

शिवाय चित्र करणारा हात असतोच. खिडकीबाहेर एक अदृश्य दिवा ठेवायचा, छतालगत आणखी एक, सूर्य हवा तिकडे वळवायचा. स्वीट होम थ्रीडीमध्ये प्रत्येक खोलीच्या छताला दिवे आपोआप जोडण्याची सोयही आहे. या सोयी वाईट नाहीत. रंगसंगती, फर्निचरची जागा दाखवायला त्या उपयोगी पडतात. मात्र अशा चित्रावरून खिडकीचं माप किंवा दिव्यांची संख्या ठरवणं चूक.

मग घरमालकाने काय मागावं?

पहिली मागणी दिशेची. मॉडेलमध्ये खरी उत्तर दिशा, खरं शहर आणि शेजारच्या इमारतींचे निदान साधे ठोकळे असावेत.

दुसरी मागणी वेळांची. एका सुंदर चित्राऐवजी प्रत्येक महत्त्वाच्या खोलीची साधी चित्रं हवीत: डिसेंबर, मार्च आणि मे, प्रत्येकी सकाळी ९, दुपारी १ आणि संध्याकाळी ५. त्यात कृत्रिम दिवे बंद आणि प्रकाशग्रहण सगळ्यांत एकच ठेवलेलं. नऊ चित्रं शेजारी शेजारी ठेवली की खोलीचं वर्ष कळतं. अभ्यासाचं टेबल, पलंगाची उशाची बाजू, टीव्ही, तुळशीची कुंडी यांच्या जागा त्यावरून ठरवता येतात. जुलैसाठी एक चित्र ढगाळ आकाशाचं हवं, कारण आपल्याकडे पावसाळ्यात कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाही.

तिसरी मागणी आकड्यांची. ओटा, अभ्यासाचं टेबल, आरसा, जिना आणि देवघर या जागांवर दिवे लावल्यावर किती लक्स मिळेल, याचा नकाशा. स्वयंपाकघरात २००, सलग वाचन-अभ्यासाला ३००, जिन्यावर आणि न्हाणीघरात १०० हे आकडे मनाशी धरावेत. घरात वयस्क माणसं असतील तर यापेक्षा अधिक ठेवावेत, कारण वय वाढतं तशी डोळ्यातल्या भिंगातून प्रकाश कमी आत जातो. पण नुसता प्रकाश वाढवून भागत नाही. दिवा थेट नजरेत येत नाही ना, हेही पाहावं लागतं.

या मागण्यांसाठी लागणारं काम काही दिवसांचं आहे, महिन्यांचं नाही. डिझायनरकडे वेळ नसेल तर घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलीला हे जमण्यासारखं आहे. मापाची टेप घ्यावी, स्वीट होम थ्रीडीत घर काढावं, शेजारच्या इमारती ठोकळ्यांनी उभ्या कराव्यात, होकायंत्र बसवावं. दिव्यांचा हिशेब डायलक्सवर करावा. सध्या राहत्या घरात लक्समीटर नेऊन चार जागी मोजावं आणि त्याच घराचं मॉडेल तेवढाच आकडा देतं का ते पाहावं. आकडे जुळायला लागले की नव्या घराच्या मॉडेलवर भरवसा ठेवता येतो.

पूर्वी वाडा बांधणारा गवंडी चौक कुठे सोडायचा, झरोका किती उंच ठेवायचा, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठरवत असे. त्याच्या आजूबाजूची वस्ती आणि बांधकामाची रीत फारशी बदलत नव्हती, म्हणून तो अनुभव पुरत होता. आज एकेका गल्लीत दहा वर्षांत चार मजल्यांच्या जागी वीस मजले उभे राहतात. अशा ठिकाणी अनुभवाची उणीव गणिताने भरून काढावी लागते आणि ते गणित करणारं साधन आपल्या हाताशी आहे. बिल्डरने, डिझायनरने ते आपणहून वापरलं तर उत्तमच. नाही वापरलं तर आपण आग्रह धरावा. फरशीचा रंग, नळाची कंपनी आणि दाराची मूठ यांवर आपण दहा बैठका घेतो. प्लास्टर होण्याआधी एक बैठक उजेडासाठी घ्यावी आणि तिथे थ्रीडीच्या शेजारी लक्सचा नकाशा ठेवायला सांगावा.